हाकेचे नाव आधी, कागदाचे नंतर

बाळाच्या नावाबद्दल सध्या दोनच मते ऐकू येतात. पहिले असे की नाव वेगळे हवे. नात्यात, सोसायटीत, शाळेत दुसऱ्या कुणाचे नसावे, म्हणजे मूल उठून दिसेल. दुसरे मत त्यावर उत्तर म्हणून येते: ही सगळी हौस आहे, दोन-तीन अक्षरी सुटसुटीत नाव ठेवा आणि मोकळे व्हा. दोन्ही मते मला उथळ वाटतात. मुलाला नाव एकच असते आणि ते जन्मदाखल्यावर असते, असे दोन्ही बाजू धरून चालतात. टोपणनाव लाडात आपोआप पडते, त्याचा विचार कसला करायचा, यावरही दोघांचे एकमत असते.

माझे म्हणणे असे आहे. नावाला दोन कामे करावी लागतात, कागदावरचे आणि हाकेचे, आणि या दोन कामांना लागणारे गुण एकमेकांच्या विरुद्ध आहेत. कागदाला नाव वेगळे, तंतोतंत आणि कधीही न बदलणारे लागते. हाकेला ते आखूड, ओळखीचे आणि कुणाच्याही तोंडात बसणारे लागते. एकाच नावाने ही दोन्ही ओझी वाहावीत असा हट्ट धरला की एक तरी काम बिघडते. म्हणून अनवट नाव जरूर ठेवावे, पण हाकेचे नाव ठरल्यानंतर. आज आपण नेमके उलटे करतो. आठ महिने कागदावरचे नाव शोधतो आणि हाकेचे नाव वाऱ्यावर सोडतो.

कल्याणच्या पुढचा पट्टा

हा प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरात फार ठळकपणे दिसतो. उल्हासनगर फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवले. अंबरनाथला आयुध निर्माणीने आणि औद्योगिक वसाहतीने देशभरातली माणसे आणली. बदलापुरात गिरगाव, दादर, डोंबिवलीतून जागेसाठी सरकत आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. आई-वडील दोघेही सकाळच्या लोकलने निघतात आणि रात्री परततात. मधला सगळा दिवस मूल पाळणाघरात, शेजारी, बालवाडीत, रिक्षावाल्या काकांबरोबर असते. म्हणजे जागेपणी त्याला त्याचे नाव आई-बापापेक्षा इतरांच्याच तोंडून जास्त ऐकू येते, आणि त्या इतरांची मातृभाषा मराठी असेलच असे नाही.

एकभाषिक गावात नाव एकाच प्रकारच्या जिभांवरून फिरते. इथे ते मराठी, सिंधी, हिंदी, गुजराती, मल्याळी अशा जिभांवरून फिरते. नाव टिकते की मोडते, याची याहून कडक परीक्षा दुसरीकडे क्वचितच होत असेल.

१. एकापेक्षा अधिक नावे ही आपलीच रीत

मराठी घरांत मुलाला एकच नाव असे, हा समज खरा नाही. जन्मनक्षत्राच्या चरणावरून निघणारे नावरस नाव वेगळे. ते पत्रिकेत राही आणि मुंज-लग्नाला बाहेर येई. बाराव्या दिवशी आत्याने कानात कुर्र करून सांगितलेले पाळण्यातले नाव वेगळे. आणि घरादाराने हाक मारायचे नाव आणखी वेगळे. कागद, पत्रिका आणि ओटी-अंगण यांची सरमिसळ होत नसे.

या व्यवस्थेत हाकेचे नाव किती बळकट होते ते पाहा. लोकमान्यांचे ठेवलेले नाव केशव होते. घरात ‘बाळ’ म्हणत, आणि इतिहासात बाळ गंगाधर टिळक राहिले. मुरलीधर देविदास आमटे यांना आई-वडील लहानपणीच ‘बाबा’ म्हणत. आनंदवनाचे बाबा आमटे ते हेच. भीमराव आंबेडकर घरात ‘भिवा’ होते. ठेवलेले नाव आणि जगलेले नाव वेगवेगळे असणे ही आपल्याकडे नित्याची बाब होती, आणि त्यात कुणाची ओळख हरवली नाही.

मग बिघडले कुठे? तीन थर आपण एकात दाबले, तिथे. राशीचे अक्षर पूर्वी पत्रिकेपुरते होते. आता दाखल्यावरचे नावही त्याच अक्षराने सुरू व्हावे असा आग्रह असतो. अवकहडा चक्र उघडून पाहिले तर यातली अडचण लगेच कळते. हस्त नक्षत्राची अक्षरे पू, ष, ण, ठ. आर्द्रेची कु, घ, ङ, छ. उत्तराभाद्रपदेची दू, थ, झ, ञ. हस्ताच्या तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या मुलाला ‘ण’ने सुरू होणारे नाव द्यायचे, तर मराठीत ते कुठून आणणार? जुन्या लोकांना हा पेच पडला नाही, कारण त्यांना ते नाव रोज हाकेला लागणार नव्हते. आज मात्र पालक ‘थ’ आणि ‘झ’ची नावे शोधत याद्या उलथत बसतात, आणि शेवटी कुठल्याही भाषेत अर्थ नसलेले काहीतरी मुलाच्या माथी येते.

२. वेगळेपण शोधता शोधता सारखेपणा

विहान, विवान, रेयांश, शिवांश, रुद्रांश, कियांश. बालवाडीच्या हजेरीपटावर ही नावे एकाखाली एक येतात. प्रत्येक घराने आपले नाव वेगळे म्हणूनच निवडलेले असते. पण सगळे एकाच वेळी, एकाच प्रकारच्या याद्यांतून, एकाच नादाची नावे निवडत असतील तर वेगळेपण यायचे कुठून? सचिन नावाची गोष्ट आठवावी. १९७३ साली रमेश तेंडुलकरांनी धाकट्या मुलाचे नाव आपल्या आवडत्या संगीतकाराच्या, सचिनदेव बर्मन यांच्या, नावावरून ठेवले. त्या नावाला कारण होते, म्हणून ते त्या घराचे होते. नंतर ते हजारो घरांत पोचले तरी त्याचे काही बिघडले नाही. नाव वेगळे ठरते ते त्यामागच्या कारणामुळे. नुसत्या नादातले नावीन्य फार तर एक-दोन वर्षे टिकते.

दुसरी अडचण उच्चाराची, आणि ती या पट्ट्यात रोजची आहे. ‘ऋतुजा’ मराठी तोंडात रुतुजा, हिंदी तोंडात रितुजा. ‘ज्ञ’ आपल्याकडे द्न्य, हिंदीत ग्य. म्हणून ‘ज्ञानदा’ शिकवणीत एक असते आणि शेजारच्या घरी दुसरीच. ‘ळ’ तर हिंदी-सिंधी बोलणाऱ्याकडे नाहीच. ‘बकुळ’ जिन्याच्या पहिल्या वळणावर ‘बकुल’ होते. यात त्या शेजाऱ्याचा काही दोष नाही. तो आपल्या जिभेने प्रेमानेच हाक मारतो. दुरुस्त करायला गेलो तर तो संकोचतो, आणि संकोचलेला माणूस मुलाला नावाने हाक मारणेच सोडून ‘ए बेटा’वर येतो. अनवट नाव ठेवण्याचा हेतू मूल ओळखले जावे हा होता. इथे त्या नावाने नेमके उलटे घडवले: मुलाला नावाने हाक मारणारी माणसे कमी केली.

यावरून ऋ, ज्ञ, ळ असलेली नावे ठेवू नयेत असे म्हणणे मला मान्य नाही. ती आपल्या भाषेची अक्षरे आहेत, ती जपायलाच हवीत. फक्त त्या नावाला सोबत लागते. ज्ञानदाची ‘नंदू’ किंवा ‘दादू’ आधीच ठरलेली असेल तर शेजारी सुखाने तेच म्हणेल आणि ‘ज्ञ’ दाखल्यावर सुरक्षित राहील.

३. गावांचीही हीच गत

ज्या गावांत आपण राहतो त्यांची नावे पाहिली तरी हेच दिसते. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, मग निर्वासितांची वसाहत, आणि ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून झालेले ‘उल्हासनगर’. नाव सुंदर आहे, नदीवरून आलेले आहे. तरीही पत्ता सांगताना माणूस आजही ‘कॅम्प नंबर चार’ असेच म्हणतो. पलीकडे नगरपरिषदेच्या पाटीवर ‘कुळगाव-बदलापूर’ असते आणि बोलण्यात नुसते बदलापूर. अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा. इतक्या जुन्या गावाचे नाव रोमन लिपीत लिहिताना मधल्या अक्षराला ‘ए’ लावायचा की ‘ई’ यावर अजून एकवाक्यता नाही. सरकारी शिक्क्याने नाव कागदावर येते. ते तोंडी बसवणे शिक्क्याच्या हातात नसते.

४. इरावती आणि इरू

अनवट नाव आणि हाकेचे नाव यांची जोडी कशी जमावी, याचे मराठीतले सगळ्यात चांगले उदाहरण मला इरावती कर्वे यांचे वाटते. १५ डिसेंबर १९०५ला ब्रह्मदेशात म्यिंज्यान इथे त्यांचा जन्म झाला. वडील गणेश हरी करमरकर तिकडे कामाला होते. मुलीचे नाव त्यांनी तिथल्या मोठ्या नदीवरून ठेवले, इरावती. त्या काळी मराठी घरांत गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा होत्या; ब्रह्मदेशातली नदी पाळण्यात क्वचितच आली असेल.

या नावात चार गोष्टी एकत्र आहेत. त्याला कारण आहे: मूल जिथे जन्मले तिथली ती नदी. ते अनोळखी असूनही परके नाही, कारण मुलीला नदीचे नाव देण्याची रीत आपलीच आहे, फक्त नदी नवी. त्यात जोडाक्षर नाही. आणि हाकेचे नाव त्याच्या पोटातच आहे, इरू. सातव्या वर्षी ही मुलगी पुण्याला हुजूरपागेत शिकायला आली. पुढे बर्लिनला जाऊन डॉक्टरेट मिळवली, मानववंशशास्त्राची पायवाट घातली, ‘युगान्त’ लिहिले. जवळच्यांसाठी ती शेवटपर्यंत इरूच होती. पती दिनकर धोंडो कर्वे घरात दिनू, आणि या इरू. अलीकडे २०२४ साली त्यांचे इंग्रजी चरित्र निघाले, त्याचे नावही ‘इरू’च आहे. विद्वत्तेच्या जगात इरावती कुणाच्या चुकीच्या उच्चाराने लहान झाली नाही, आणि घरात ते भारदस्त नाव कुणाला ओझे वाटले नाही.

असे नाव योगायोगाने सापडते असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्याला कारण आहे, परंपरेतला एक धागा आहे आणि ज्याचा पहिला तुकडा हाकेला चालतो असे नाव शोधायचे, एवढी शिस्त पाळली तर योगायोगाची वाट पाहावी लागत नाही.

५. हाकेचे नाव कशाने जमते

हाक लांब जावी लागते. ती चौथ्या मजल्यावरून खाली खेळणाऱ्या मुलापर्यंत किंवा फलाटावरच्या गर्दीत पोचायची तर शेवटी स्वर लागतो, कारण लांबवता येतो तो स्वर. व्यंजन लांबवता येत नाही. ‘राजूऽऽ’ आणि ‘सुमीऽऽ’ लांबतात, ‘रेयांश’ शेवटच्या ‘श’वर विरून जाते. मराठीने हे केव्हाच ओळखले होते. नावाचा पहिला तुकडा घ्यायचा आणि त्याला ऊ, ई किंवा आ जोडायचा: नंदू, विजू, मनी, शमा. सिंधीतही शब्दाचा शेवट बहुधा स्वरानेच होतो, त्यामुळे असे नाव कॅम्पातल्या शेजारणीच्या तोंडात विनासायास बसते.

हाक दोन अक्षरांची असावी आणि घरातल्या दुसऱ्या हाकेशी तिची गल्लत होऊ नये. मोठा ‘अनू’ आणि धाकटी ‘मनू’ ठेवले की हाकेला दोघेही येतात, नाही तर कुणीच येत नाही. ती चाळिसाव्या वर्षीही सांगता येण्यासारखी असावी. ‘पिल्लू’, ‘बेबी’, ‘छोटू’ ही नावे तीन वर्षांच्या मुलाला शोभतात; पुढे कचेरीत सहकाऱ्यांसमोर आईचा फोन आला की माणूस कोपऱ्यात जाऊन बोलतो. त्यातही ‘सोनू’ आणि ‘बाबू’ तर प्रत्येक मजल्यावर एकेक असतात. ज्यांनी दाखल्यावर जगात एकमेव नाव शोधले त्यांनीच घरी सगळ्यांचे असलेले नाव वापरावे, हा विसंगतीचा कळस आहे.

६. आक्षेप

*‘टोपणनाव ठरवून पडत नाही.’* यात अर्धे सत्य आहे. काही नावे पडतात ती पडतातच. पण हाकेची जागा रिकामी राहत नाही, हे उरलेले अर्धे सत्य. घराने ती भरली नाही तर वर्ग भरतो, आणि वर्ग ती शरीरावरून भरतो: जाड्या, काळ्या, बुटक्या, चष्मिस. बालवाडीच्या पहिल्या दिवशी मूल स्वतःच ‘मी नंदू’ असे सांगू शकले तर त्या जागेवर आधीच कुणीतरी बसलेले असते. संरक्षण पुरते मिळेलच असे नाही, पण जागा मोकळी सोडण्यापेक्षा ते नक्कीच बरे.

*‘दोन नावांनी मूल गोंधळते.’* बंगाली घरांत प्रत्येकाला एक ‘भालोनाम’ आणि एक ‘डाकनाम’ असते, पिढ्यान्‌पिढ्या. तिथली मुले गोंधळलेली नाहीत. आपल्याकडचा बाळ, भिवा आणि इरूही गोंधळले नाहीत.

*‘कागदपत्रांचा घोळ होईल.’* घोळ दोन नावांमुळे होत नाही. हाकेचे नाव कागदावर गेल्याने होतो. शेजारच्या काकांनी शाळेत नाव घातले आणि पटावर ‘बाळू’ लागला, अशी माणसे जुन्या पिढीत भरपूर आहेत. निवृत्तिवेतनाच्या वेळी त्यांना राजपत्राची जाहिरात, प्रतिज्ञापत्र असे हेलपाटे घालावे लागले. म्हणून नियम कडक हवा: हाकेचे नाव कुठल्याही फॉर्मवर, लसीकरणाच्या कार्डावरसुद्धा, लिहायचे नाही.

*‘साधे नाव ठेवा, अनवट नाव ही चैन आहे.’* हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो समंजसपणाच्या सुरात येतो. साधे नाव कुणाच्या वाट्याला कसे आले, हे आधी विचारले पाहिजे. मूल जगावे म्हणून धोंडू, दगडू, उकर्डा ही नावे ठेवली जात. ती भीतीतून आलेली होती. मुलगी नको होती म्हणून ‘नकोशी’ हे नाव. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११मध्ये २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, तेव्हा एकविसाव्या शतकाचे पहिले दशक उलटून गेले होते. नावाला ‘या’ लावलेली हाक मित्रांमध्ये जिव्हाळ्याची असते. पण तोच ‘या’ गावाने खालच्या ठरवलेल्या जातींतल्या म्हाताऱ्या माणसांनाही लावला, आणि स्वतःसाठी राव-पंत ठेवले. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा आले, तेव्हा ती नावे आजूबाजूला अनवटच होती. ती चैन नव्हती. आपल्या मुलाला कुणी काय म्हणायचे हे आम्ही ठरवू, असे ते सांगणे होते. अशा घराला ‘साधे नाव ठेवा’ हा सल्ला देणाऱ्याने हा इतिहास एकदा मनाशी आणावा.

हाच इतिहास माझ्या मुद्द्यालाही एक मर्यादा घालतो, आणि ती मला मान्य आहे. दुसरे नाव देण्याची सत्ता कुणाच्या हाती आहे, यावर सगळे ठरते. या पट्ट्याला लागून असलेल्या कल्याणात १८६५ साली जन्मलेली यमुना नऊ वर्षांची असताना लग्न होऊन आनंदी झाली, आणि आनंदीबाई जोशी म्हणून १८८६ साली डॉक्टर झाली. नाव थोर ठरले, तरी ते तिने निवडले नव्हते. ताटातल्या तांदळांत अंगठीने नवरीचे नवे नाव लिहिण्याची चाल याच जातीची. तेव्हा हाकेचे नाव मुलाच्या मूळ नावाशी नाते सांगणारे असावे, वरून लादलेले नसावे, आणि मुलाने ‘आता मला असे म्हणू नका’ म्हटले की ते तिथेच थांबावे. कागदावरचे नाव मागे उभे असते, म्हणून हे थांबवणे सोपे जाते. एकच नाव असलेल्या मुलाकडे ही मोकळीक नसते.

७. क्रम उलटा करायचा कसा

कागदावरच्या नावाचे वजन आता वाढले आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, सरकारी नोकरी अशा ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचे नावही येते: मुलाचे नाव, आईचे, वडिलांचे, मग आडनाव. हा निर्णय योग्यच आहे, पण नाव चार पदांचे झाले. पहिलेच पद सहा अक्षरांचे आणि दोन जोडाक्षरांचे असेल तर फॉर्मची चौकट अपुरी पडेल. आधारवर नाव दुरुस्त करायची संधी आयुष्यात दोनदाच मिळते.

कायदा मात्र घाई करायला लावत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. १९६९च्या याच कायद्यानुसार जन्माची नोंद २१ दिवसांत द्यायची असते, पण ती नावाशिवाय करता येते. त्यानंतर बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. बदलापूरचे मूल उल्हासनगरच्या रुग्णालयात जन्मले तर दाखला उल्हासनगर महापालिकेचा, आणि नाव घालायलाही तिथेच जावे लागते.

तेव्हा बारसे बाराव्या दिवशी जरूर करावे, आत्याने कानात नावही सांगावे, पण त्या दिवशी हाकेचे नाव घरात सुरू करावे आणि दाखल्यातला रकाना काही महिने मोकळा ठेवावा. या काळात पाळणाघरातल्या मावशी, वरच्या मजल्यावरची सिंधी आजी, गावाकडचे आजोबा बाळाला कशी हाक मारतात, कुठे अडखळतात, कुठे आपल्या सोयीने बदलतात, हे ऐकावे. दोन-तीन मोठी नावे मनात असतील तर त्यांतले जे या रुळलेल्या हाकेला पोटात घेईल ते निवडावे. मग देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींतले नाव घरी कागदावर लिहून, दोघांनी अक्षर न्‌ अक्षर ताडून, त्याच रूपात अर्ज द्यावा. शाळा, आधार आणि पासपोर्ट या सगळ्यांत पुढे तेच अक्षर जसेच्या तसे उतरते.